टाटांचा पोलाद कारखाना चांद्यात होणार होता, पण वरोऱ्याच्या कोळशानं गणित बिघडवलं

टाटा स्टील म्हटलं की जमशेदपूर आठवतं. झारखंडमधलं हे शहर जमशेदजी टाटांच्या नावानं ओळखलं जातं. पण जमशेदजींनी पोलादाचं स्वप्न पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर झारखंड नव्हतंच. डोळ्यासमोर होता आपला चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली.

तब्बल वीस-बावीस वर्षं हे स्वप्न चांद्याभोवती फिरत राहिलं. लोखंड होतं, जंगल होतं, रेल्वे होती, पैसा उभा करायची तयारी होती. तरीही कारखाना झाला नाही.

तर सगळं सविस्तर बघूया.

नवसारीचा मुलगा आणि कापसाचा धंदा

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं. पण वडील नसरवानजी यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. मुलगाही त्यांच्या मागोमाग मुंबईत आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८५८ मध्ये बाहेर पडला.

वडिलांनी त्याला लगेच धंद्यात घेतलं. १८५९ मध्ये जमशेदजी हाँगकाँगला गेले. तेव्हाच्या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांप्रमाणे त्यांच्या पेढीचाही चीनशी कापूस आणि अफूचा व्यवहार होता.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि हा फुगा फुटला. कापसाचे भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. टाटांनाही जबर फटका बसला. जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होते आणि देणेकरी दारात उभे होते.

या संकटातून घराणं सावरलं ते ब्रिटिश फौजेच्या ॲबिसिनिया मोहिमेला माल पुरवण्याच्या कंत्राटामुळे. १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर जमशेदजींनी स्वतःची व्यापारी पेढी काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली आणि नफ्यात विकून टाकली.

याच काळातली एक आठवण त्यांच्या चरित्रांमध्ये सांगितली जाते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला त्यांनी विचारवंत थॉमस कार्लाइल यांचं भाषण ऐकलं. ज्या देशाच्या हातात लोखंड येतं, त्याच्या हातात पुढे सोनंही येतं, असा त्या भाषणाचा सूर होता. कापसात पोळलेल्या या तरुण व्यापाऱ्याच्या डोक्यात लोखंडाचा विचार शिरला तो तिथून, असं मानतात.

नागपूर का?

मुंबईत गिरण्या वाढत होत्या. सगळे म्हणत होते की गिरणी काढायची तर मुंबईतच. जमशेदजींचा हिशोब वेगळा होता. कापूस पिकतो विदर्भात, मग तो मुंबईला नेऊन कापड करून पुन्हा आत पाठवायचा कशासाठी? कापूस जवळ, रेल्वे जवळ आणि इंजिनांसाठी कोळसाही जवळ, अशी जागा त्यांनी शोधली. ती होती नागपूर.

इथला कोळसा यायचा वरोऱ्याहून. आज आनंदवनासाठी ओळखलं जाणारं वरोरा तेव्हा कोळशाचं गाव होतं. १८७० च्या दशकात सरकारनं तिथं खाण सुरू केली आणि वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे हाच कोळसा कथेला कलाटणी देतो.

गिरणीसाठी नागपुरात जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची. जमीन दलदलीची. ती भरून काढायलाच मोठा खर्च होणार होता. एका स्थानिक मारवाडी सावकाराकडे पैसे मागितले, तर त्यानं नकार दिला. जमिनीत सोनं पुरायला आपण पैसे देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे गिरणी धो धो चालायला लागल्यावर याच सावकारानं कबूल केलं की टाटांनी जमिनीत सोनं घातलं नाही, माती घातली आणि सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ ला ही गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव पडलं एम्प्रेस मिल. बेझनजी मेहता नावाचे रेल्वेत काम केलेले गृहस्थ तिचे व्यवस्थापक झाले. १८८६ मध्ये इथं कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ मध्ये अपघात झाला तर भरपाई देण्याची सोय झाली. देशात असे कायदे यायला तेव्हा अजून बराच अवकाश होता. आज गिरणी नाही, त्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा आहे.

पण गिरणीमुळे एक गोष्ट झाली. जमशेदजींचं नागपूरला येणं-जाणं सुरू झालं आणि आजूबाजूचा मुलूख त्यांच्या ओळखीचा झाला. या मुलखात दक्षिणेला पसरला होता चांदा.

जमिनीखाली काय काय दडलंय?

चांद्याच्या जमिनीत धन आहे ही गोष्ट फार जुनी आहे. आज गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात असलेल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत सापडतो. मध्य प्रांतातल्या नद्यांकाठी सोनझरी लोक वाळू धुऊन सोन्याचे कण काढायचे. दिवसभर पाण्यात उभं राहून हाती लागायचे ते चिमूटभर कण. आणि गावोगावी मातीच्या छोट्या भट्ट्यांमध्ये लाकडी कोळशावर लोखंड गाळलं जायचं. त्याचीच कुऱ्हाड, त्याचाच फाळ.

ब्रिटिश भांडवलदारांची नजर मात्र सोन्यावर होती. १८८० च्या आसपास दक्षिणेतल्या वायनाडमध्ये सोनं सापडणार म्हणून लंडनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या. शेअर भराभर विकले गेले आणि काही वर्षांत त्यातल्या बहुतेक कंपन्या बुडाल्या. म्हैसूर संस्थानातल्या कोलारमध्ये मात्र सोनं खरंच लागलं. जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी तिथं उतरली आणि पुढची कित्येक दशकं कोलारचं सोनं बाहेर जात राहिलं.

सगळे सोन्यामागे धावत असताना १८८२ मध्ये जमशेदजींच्या हातात एक सरकारी अहवाल पडला. लिहिणारा होता रिटर फॉन श्वार्झ हा जर्मन तज्ज्ञ. विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंडाचा धंदा किफायतशीर होईल का. या अहवालात लोहारा या गावाजवळच्या खनिजाचं फार कौतुक होतं. नावातच लोह असलेल्या या गावाजवळ लोहखनिजाची अख्खी टेकडीच होती. खनिज उत्तम दर्जाचं होतं आणि खोल खणायचीही गरज नव्हती.

जमशेदजी तेव्हा ४३ वर्षांचे होते. नागपूरची गिरणी जोरात होती. लोहाऱ्याला लोखंड, वरोऱ्याला कोळसा आणि वरोऱ्यापर्यंत रेल्वे. कागदावर सगळं जुळत होतं.

घोडं अडलं कुठे?

हे समजण्यासाठी आधी पोलाद कसं तयार होतं ते समजून घ्यावं लागेल.

लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं घट्ट लग्न. लोखंड मिळवायचं तर हा ऑक्सिजन बाजूला काढावा लागतो. त्यासाठी उंच झोतभट्टीत खनिज, चुनखडी आणि कोक यांचे थर टाकतात आणि खालून गरम हवा सोडतात. कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा. तो जळून उष्णता देतो आणि त्याच्यापासून तयार होणारा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो.

पण कोकचं तिसरं काम सगळ्यात अवघड असतं. भट्टीतल्या सगळ्या मालाचं वजन त्याला पेलावं लागतं. तो कडक हवा आणि सच्छिद्रही हवा, म्हणजे त्याच्यातून हवा वर जाईल. कोक ठिसूळ निघाला तर त्याचा चुरा होतो, हवेची वाट बंद होते आणि भट्टी गुदमरते.

सगळ्याच दगडी कोळशाचा असा कोक होत नाही. काही कोळसा भाजल्यावर मऊ होऊन, फुगून घट्ट होतो. काहींचा नुसता भुगा पडतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा या दुसऱ्या प्रकारातला. रेल्वेचं इंजिन चालवायला, गिरणीचा बॉयलर तापवायला तो चालतो. झोतभट्टीत चालत नाही.

जमशेदजींनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. कोळशाचे नमुने घेऊन त्यांनी ते जर्मनीत तपासून आणले. निकाल आला, हा कोळसा उपयोगाचा नाही.

दुसरी अडचण सरकारची होती. खाणकामाचे तेव्हाचे नियम इतके जाचक होते की शोधासाठी पैसा घालणाऱ्याला पुढे काय मिळेल याची खात्रीच नव्हती. शेवटी जमशेदजींनी नाद सोडला. निदान वरवर तरी.

सतरा वर्षं थांबलेलं स्वप्न

मधल्या काळात ते गप्प बसले नाहीत. १८८६ मध्ये कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेऊन त्यांनी स्वदेशी मिल उभी केली. बंगळूरच्या विज्ञान संस्थेची योजना मांडली आणि तिच्यासाठी स्वतःच्या मालमत्तेतला मोठा वाटा देऊ केला. मुंबईत ताजमहाल हॉटेल बांधायला घेतलं. सह्याद्रीत पडणाऱ्या पावसापासून वीज करण्याचा विचार पुढे नेला.

१८९९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. व्हाईसरॉय कर्झनच्या सरकारनं खाणींचे नियम सैल केले. आणि मेजर माहोन या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानात पोलाद कारखाना काढण्याची वेळ आली आहे असा अहवाल दिला. जमशेदजी साठीला आले होते. सतरा वर्षं मागे पडलेला विषय त्यांनी पुन्हा बाहेर काढला.

१९०० मध्ये ते लंडनला जाऊन भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले आणि सरकार आडकाठी करणार नाही याची खात्री करून घेतली. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. पिट्सबर्गमध्ये ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याला भेटले. नुसत्या प्राथमिक शोधालाच प्रचंड खर्च येईल, असं त्यानं बजावलं. जमशेदजींनी खर्चाची तयारी दाखवली. मग केनेडीनं त्यांना न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिनकडे पाठवलं.

पेरिन आपल्या ऑफिसात काम करत बसला होता. परक्या पोशाखातला एक वयस्कर माणूस आत आला, थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि मग थेट मुद्द्यावर आला. पोलाद कारखान्यासाठी लोखंड, कोळसा आणि जागा शोधायला हिंदुस्थानात येशील का? पैशाची काळजी करू नकोस. पेरिन आधी चक्रावला. पण त्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं आणि तो हो म्हणाला.

त्याच वर्षी परदेशातून जमशेदजींनी थोरल्या मुलाला, दोराबजीला पत्र लिहिलं. होणाऱ्या शहरात रस्ते रुंद असावेत, लवकर सावली देणारी झाडं लावावीत, बागा आणि फुटबॉल-हॉकीची मैदानं असावीत, मंदिर, मशीद आणि चर्चसाठी जागा राखावी, असं त्यात होतं. गंमत म्हणजे तेव्हा शहर कुठे होणार हे ठरलंच नव्हतं. आणि शोधाची सुरुवात होणार होती ती चांद्यातूनच.

चांद्याच्या जंगलात तीन माणसं

१९०३ मध्ये पेरिनचा सहकारी सी. एम. वेल्ड हिंदुस्थानात आला. त्याच्यासोबत दोराबजी आणि जमशेदजींचा भाचा शापूरजी सकलातवाला. ऐन उन्हाळ्यात ही मंडळी चांद्यात शिरली.

चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. बैलगाडीचा प्रवास, तंबूत मुक्काम आणि आसपास वाघ. पाण्याचे तर इतके हाल की कधी कधी सोड्याच्या बाटलीतल्या पाण्यावर चहा करावा लागला, असं सांगतात. यातले शापूरजी पुढे इंग्लंडला गेले, डावे झाले आणि १९२२ मध्ये लंडनच्या बॅटरसी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत निवडून गेले. टाटांसाठी चांद्याचं जंगल तुडवणारा माणूस पुढे कम्युनिस्ट खासदार झाला.

लोहाऱ्याचं खनिज वेल्डलाही पसंत पडलं. पण फक्त खनिजावर कारखाना होत नाही. मोठ्या कारखान्याला दशकानुदशकं पुरेल इतकं लोखंड, कोक होणारा कोळसा, चुनखडी आणि बारमाही पाणी हे सगळं एकमेकांच्या आवाक्यात लागतं. चांद्यात कोळशाचं कोडं वीस वर्षांनीही सुटलं नव्हतं. या वेळी निर्णय पक्का झाला. चांदा सोडायचा.

हेच कळवायला दोराबजी नागपूरला मुख्य आयुक्तांकडे गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते जवळच्या म्युझियममध्ये शिरले, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. तिथं मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता. दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोखंडाच्या गडद खुणा दिसत होत्या. दोराबजी वेल्डला घेऊन तिकडे निघाले आणि डल्ली-राजहराचे डोंगर सापडले. पायाखाली लोखंड वाजावं असे डोंगर. पण तिथंही कारखान्याजोगं पाणी आणि कोकचा कोळसा जवळ नव्हता. पुढे स्वातंत्र्यानंतर भिलाईचा कारखाना याच खनिजावर उभा राहिला.

या डोंगरांची नोंद पूर्वी केली होती भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी. २४ फेब्रुवारी १९०४ ला याच बोसबाबूंनी जमशेदजींना पत्र पाठवलं. मयूरभंज संस्थानात उत्तम लोखंड आहे आणि झरियाचा कोळसा तिथून जवळ आहे, असं त्यांनी कळवलं. झरियाच्या कोळशाचा कोक होतो. बावीस वर्षं न जुळलेलं गणित या पत्रानं जुळणार होतं.

पण जमशेदजींकडे वेळ उरला नव्हता. तब्येत ढासळली होती. उपचारासाठी ते जर्मनीला गेले आणि १९ मे १९०४ ला बाड नौहाइम इथं त्यांचं निधन झालं. वय ६५. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या पारशी दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आलं. पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि विज्ञान संस्था यातलं काहीच त्यांना उभं राहिलेलं दिसलं नाही. दिसलं ते फक्त ताज हॉटेल, तेही मृत्यूच्या पाचच महिने आधी सुरू झालेलं.

पुढे काय झालं?

दोराबजींनी शोध चालू ठेवला आणि सुवर्णरेखा-खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकची गाव निवडलं. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना म्हणून १९०७ मध्ये मुंबईत शेअर विक्रीला काढले. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार हिंदी लोकांनी ते घेतले. नंतर खेळतं भांडवल कमी पडलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी कर्जरोखे घेतले. २६ ऑगस्ट १९०७ ला कंपनी स्थापन झाली. १६ फेब्रुवारी १९१२ ला पहिलं पोलाद निघालं. १९१९ मध्ये व्हाईसरॉय चेम्सफर्डनं साकचीचं नाव जमशेदपूर केलं.

चांदा मागे पडला. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. बल्लारपूर, घुग्घुस भागात कोळसा निघत राहिला, पण तो भट्टीत नाही, बॉयलरमध्ये गेला. आणि कंपनीच्या स्थापनेनंतर बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ ला, जुन्या चांद्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. फॉन श्वार्झच्या अहवालालाही त्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण झाली होती.

पण गोष्ट इथं संपत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंड काढायची दुसरी पद्धत रुळली. तिच्यात स्पंज आयर्न तयार होतं आणि त्यासाठी कोक लागतोच असं नाही. ज्या साध्या कोळशामुळे जमशेदजींना माघार घ्यावी लागली, तो इथं चालतो. घुग्घुसला असं लोखंड तयार होऊ लागलं. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिज निघतंय आणि गडचिरोलीला पोलादाचा जिल्हा करण्याची भाषा सुरू आहे.

सुरजागडचा डोंगर माडिया गोंड समाजासाठी ठाकूरदेवाचं ठिकाण आहे. दरवर्षी जानेवारीत तिथं यात्रा भरते. खाणीला अनेक ग्रामसभांनी विरोध केला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची डझनावारी वाहनं जाळली. दुसरीकडे याच जिल्ह्यातली तरुण पोरं खाणीत आणि कारखान्यात नोकरी मिळेल म्हणून रांगेत उभी आहेत.

जमशेदजींच्या काळात चांद्यात कारखाना होईल की नाही हे कोळशानं ठरवलं. डोंगराखाली राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं, ना चांद्यात, ना साकचीत. आता कोळशाची अडचण उरलेली नाही. वनहक्क कायदा आणि पेसा कायदा यांमुळे गडचिरोलीच्या ग्रामसभेचं म्हणणं ऐकणं भाग आहे, निदान कागदावर तरी. नागपूरच्या सावकारानं टाटांच्या मातीतून सोनं निघालेलं पाहिलं. सुरजागडच्या मातीतून निघणारं सोनं तिथल्या गावांच्या वाट्याला किती येतं, हे मात्र अजून ठरायचं आहे.